ब तुकडीचे सतरा

आकांक्षाने ब तुकडीचा शेवटचा पेपर पुन्हा तपासला, बेरीज पुन्हा करून पाहिली आणि लाल पेन बाजूला ठेवून दिलं. सरासरी तेवढीच. पंचवीसपैकी अठरा. अ तुकडीचीही अठराच होती.

हे व्हायला नको होतं. अकोटजवळच्या या शाळेत सातवीच्या दोन तुकड्यांवर तिच्या संशोधनाची दोन वर्षांची मेहनत पणाला लागली होती. अ तुकडीने तीन महिने टॅबवर अपूर्णांक शिकले, तिने स्वतः रचलेल्या प्रोग्रामवर. उत्तर बरोबर आलं की पुढचं गणित अवघड, चुकत गेलं की सोपं. ज्याला जसं झेपेल तसं. ब तुकडीला नेहमीचा खडू-फळा. अ पुढे गेली असती तर अमरावतीचे तिचे मार्गदर्शक सर हा प्रोग्राम चाळीस शाळांत नेणार होते. बरोबरी झाली म्हणजे गाशा गुंडाळायचा.

"टॅब वर्गाबाहेर गेले होते का?" तिने विचारलं.

वर्गशिक्षक धर्मपाल सरांना ते लागलं. "मॅडम, अलमारीची चाबी माह्या खिशातून हालली नाई. आन पेपर तं तुमीच आज सकाळी आनला."

तेही खरंच होतं. तिने ब तुकडीचे पेपर गुणांप्रमाणे लावले. वरचे सतरा एकदम वेगळे निघाले, बाकीचे बिचारे होते तिथेच. धर्मपाल सरांनी चष्मा वर सारून नावं वाचली.

"हे तं सारे एसटीवाले होत. पाचच्या गाडीचे."

तिने अमरावतीच्या सरांना फोन लावला. त्यांनी फार वेळ घेतला नाही.

"मुलं एकमेकांत मिसळली असणार. ती सतरा नावं गाळा, तशी तळटीप टाकू. फरक दिसेल."

याला खोटं म्हणता येत नव्हतं, आणि तिला त्याचाच त्रास होत होता. नावांचा कागद पर्समध्ये घालून ती पाचच्या गाडीत चढली.

मागच्या लांब सीटजवळ मुलांचा घोळका होता. मधोमध, सीटवर गुडघे टेकून, अ तुकडीतली आचल. भाजी पिकवणाऱ्या घरातली, अंगाने काडी. वर्गात तिचा आवाज तीन महिन्यांत कुणी ऐकला नव्हता. इथे मात्र तिचंच राज्य होतं.

"गोपाल, दीड किलो वांग्याचे चार वाटे. एक वाटा केवढा?"

गोपालने खिडकीबाहेर पाहिलं. त्याने तोंड उघडायच्या आतच आचल म्हणाली,

"थांब. दोनच वाटे कर. मंग?"

"पाऊन किलो."

"आता त्या पाऊनचे दोन."

गोपालची बोटं दप्तराच्या पट्ट्यावर हलली. "दीड पाव."

"मंग काहून भेत होता?"

पलीकडच्या करिश्माने तिला घातलेल्या वेगळ्या गणिताचं उत्तर फटकन दिलं, तेही बरोबर. आचलने मान हलवली.

"अंदाजानं बोलली तू. कसं काढलं, सांग."

करिश्मा ओशाळून हसली. अंदाजच होता.

आकांक्षाच्या आता लक्षात आलं. एकाला दिलेलं गणित ही मुलगी दुसऱ्याला देत नव्हती. ज्याची जेवढी उडी, तेवढाच त्याला ओढा. आणि हे सगळं गचके खाणाऱ्या गाडीत, कागद-पेन्सिलीशिवाय. शाळेने तुकड्या दोन केल्या होत्या, गाडी मात्र सगळ्यांची एकच होती. एवढी साधी गोष्ट तिच्या प्रबंधाच्या दोनशे पानांत कुठेच नव्हती.

"हे तुला कोणी शिकवलं?" तिने विचारलं.

मॅडम गाडीत आहेत हे आचलला आत्ता दिसलं. ती चाचरली.

"तुमच्याच टॅबनं. मी चुकली का तो मांगं येते, सोपं देते. पन मॅडम, तो लई उशिरा येते. तीनदा चुकू देते. तवर पोराचं मन मोडते."

तीन. हा आकडा आकांक्षाने विद्यापीठाच्या समितीपुढे आलेख मांडून, तासभर भांडून मंजूर करून घेतला होता. आपल्या हातच्या वस्तूतून असं काही उगवलं याचा तिला अतोनात आनंद झाला, आणि ही गाडी चुकली असती तर हे कधी दिसलंच नसतं, या विचाराने धडकीही भरली. तिने फोन काढला.

"सर, नावं गाळायची नाहीत. फरक नाही असंच लिहू, आणि का नाही तेही."

"चाळीस शाळा हातच्या जातील, आकांक्षा."

"हो सर. जातील."

फोन ठेवून ती आचलच्या शेजारी जाऊन बसली. मुलांनी सरकून जागा करून दिली.

"मग किती वेळा चुकू द्यायचं?"

"एकदाबी नाई. चुकायच्या आंधीच समजते."

"कशावरून समजतं?"

आचलने तोंड उघडलं आणि मिटलं. अख्ख्या गाडीला प्रश्न घालणारी मुलगी पहिल्यांदाच अडली. तिची नजर सीटच्या फाटक्या रेक्झिनवर गेली. आकांक्षा तोच प्रश्न पुन्हा, जरा मोठ्याने विचारणार होती. ती थांबली.

"बरं, ते राहू दे," ती म्हणाली. "मघाशी गोपालचं काय पाहिलंस, तेवढंच सांग."