काबायेरो

रंजिता नागपूरच्या एका कंपनीत स्पेनमधल्या ग्राहकांशी फोनवर बोलायची. साखरपुड्यानंतर तिनं भूषणला एक शब्द शिकवला होता, काबायेरो. अर्थ दोन: घोडेस्वार आणि सभ्य माणूस. कोंढा गावात धानाचा व्यापार करणाऱ्या भूषणला त्यातला पहिलाच भावला. वरातीत घोडीवर नुसतं बसून राहायचं नाही, स्वतः लगाम धरून रंजिताच्या दारात जायचं, हे त्यानं ठरवून टाकलं.

वरात रंजिताच्या गावी, पवनीत पोचली तेव्हाच घोडीवाल्या यादोरावांनी बजावलं, "नवरदेव, लगाम माह्याच हातात राहू द्या. आवाजानं बिजली बिचकते."

"काका, थोडा वेळ द्या ना. मित्र व्हिडिओ काढून राहिले."

यादोराव नाही म्हणत असतानाच भूषणनं लगाम हिसकावून घेतला आणि टाच मारली. समोर फटाक्यांची लड पेटली.

बिजली मागच्या पायांवर उभी राहिली आणि सुटली. बाया किंचाळत भिंतींना चिकटल्या. भूषणच्या हातून लगाम सुटला आणि आयाळ धरून तो लोंबकळू लागला. गल्ली वळून जिथं संपत होती, तिथल्या ओट्यावर म्हाताऱ्या रंभाबाई बसल्या होत्या. त्यांना उठता येत नव्हतं. यादोराव मधल्या बोळातून धावले आणि थेट घोडीच्या पुढ्यात उभे राहिले. लगाम हाती लागला. घोडीनं त्यांना फरफटत नेलं, ओट्यावर आदळलं आणि मग रंभाबाईंपासून हातभर अंतरावर ती थरथरत थांबली.

भूषण मातीत पडला. उठून बघतो तो त्याचे मामा ताराचंद यादोरावांची कॉलर धरून उभे.

"पिऊन आला का बे? पोराचा जीव घेत होता!"

लोकांनी घेरा घातला. मामांनी मांडवाचा बांबू उपसला. यादोरावांचा उजवा हात लुळा लोंबत होता. ते भूषणकडे बघत राहिले.

मुलीकडची मंडळी धावत आली होती, सगळ्यांत पुढे सासरे गोपाळराव. मित्रानं मोबाइल खिशात घातला होता. आपण गप्प राहिलो तर मुलीकडच्या कुणाला काही कळणार नव्हतं.

बांबू वर गेला.

भूषण मधे शिरला. फटका त्याच्या पाठीत बसला.

"मामाजी, सोडा त्याईले! लगाम म्याच ओढला. टाच म्याच मारली. त्याईनं नाई म्हणलं होतं."

"चूप रे! सोयरे पाहून राहिले."

"त्याईलेच सांगून राहिलो." तो गोपाळरावांकडे वळला. "बाबाजी, चूक माही हाय."

गोपाळरावांनी पुढे होऊन यादोरावांना सावरलं. मामांनी बांबू फेकला. "नाक कापलं भाच्यानं," म्हणत ते गाडीत जाऊन बसले.

गलका ऐकून रंजिता शालूतच गल्लीत आली होती. "लागलं का तुमाले?"

"मले नाई. काकाचा हात मोडला वाटते. दवाखान्यात न्या लागते. पण मुहूर्त..."

"मुहूर्ताचं पाहू मंग," म्हणत तिनं भावाकडून गाडीची चावी मागून घेतली.

लग्न लागलं तेव्हा ऊन उतरलं होतं. मामा जेवायला आले नाहीत. हाताला प्लास्टर बांधलेले यादोराव पहिल्या पंगतीत होते, डाव्या हातानं अडखळत जेवत होते. गोपाळराव स्वतः वाढत होते.

"बिजली कुठी हाय?" यादोरावांनी विचारलं.

"मांडवामागं, सावलीत," भूषण म्हणाला. "पाणी पाजून आलो."