अण्णांना हॉल आवडतो

मित्रांनो, मी एक सोफा-कम-बेड आहे, आणि आता पार जुना झालो आहे. दिवसा सोफा, रात्री पलंग. ज्याला दोन्ही कामं जमतात त्याला दोन्हीकडून राबवून घेतात, हे तुम्हाला मोठेपणी कळेलच. माझी बैठक पुढे ओढली की पाठ खट्कन आडवी व्हायची आणि दोन माणसं ऐसपैस झोपायची. आता बिजागऱ्या गंजल्या आहेत. सर्जापूर रोडवरच्या एका उंच इमारतीच्या तळघरात, गाड्यांच्या शेजारी, मी भंगारवाल्याची वाट बघत पडलो आहे. तो येण्याआधी एक हकिकत सांगून टाकतो. गोड नाही, हे आधीच सांगतो.

माझा जन्म होसकोटेच्या एका कारखान्यात झाला. लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, मग फोम आणि वर मेंदीच्या रंगाचं जाड कापड. तिथून टेम्पोत घालून मला इंदिरानगरला आणलं, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. दोन झोपायच्या खोल्या, एक हॉल, भाड्याची जागा. जिन्यातून वर येताना माझा एक पाय कठड्याला आपटला, तेव्हा दारात उभे असलेले म्हातारे गृहस्थ कळवळून म्हणाले, "अरे हळू, लागलं असेल त्याला!" ते अण्णा. नाव गुंडो, पण सगळं घर त्यांना अण्णा म्हणायचं. त्याच क्षणी मला ते आवडले. लाकूड-लोखंडाला लागतं हे किती जणांच्या ध्यानात येतं?

एका खोलीत अण्णा आणि त्यांची बायको वसुमतीअक्का राहायचे. दुसरीत त्यांचा मुलगा रविकिरण, नवी सून मनस्विनी आणि पुढे तान्हा प्रणीत. मी हॉलमध्ये, आल्यागेल्यासाठी. हे घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरात आलेलं. घरात मराठी, पण इथल्या पाण्यावर वाढलेली. थोडंसं म्हणायचं तर 'स्वल्प', ठीक आहे म्हणायचं तर 'सरी', आणि नको म्हणायचं तर 'बेडा'. मनस्विनी मात्र पुण्याची, कंपनीत नोकरी करणारी, सरळ आणि स्पष्ट.

त्या घरातली जेवणं मी डोळे भरून पाहिली आहेत. वसुमतीअक्का वाढायला उभ्या राहिल्या की पाहुण्याची धडगत नसे. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण शिवलीला जेवायला यायच्या. त्या "बेडा, बेडा" म्हणत पानावर हात आडवा धरायच्या आणि अक्का बोटांच्या फटीतून ओबट्टू, म्हणजे आपली पुरणपोळी, सरकवायच्या! मनस्विनी नवीन होती तेव्हा तिने एकदाच विचारलं, "अण्णा, भात?" अण्णा म्हणाले, "नको." ती भांडं घेऊन निघून गेली, आणि अण्णा ताकभाताशिवाय उठले. अक्का हसून हसून बेजार.

"अगं, आमच्यात पहिलं नको हे नुसतं तोंडात आलेलं असतं," त्या म्हणाल्या. "दुसरं मर्यादेचं. तिसऱ्यांदा म्हटलं तरच खरं. आणि ह्यांचं तर तिसरंही खरं नसतं!"

"मला बाई नाही जमत ते," मनस्विनी म्हणाली. "आमच्याकडे नको म्हणजे नको."

दोघीही हसल्या. मीही मनातल्या मनात हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

मग अक्का गेल्या, अगदी अचानक. अण्णा त्या खोलीत एकटे राहिले. प्रणीत शाळेत जायला लागला होता, त्याला टेबल हवं, त्याची खेळणी आईबापांच्या पायात यायची. कोणी काही बोललं नव्हतं बरं का. एका सकाळी अण्णांनी आपणच उशी आणि पांघरूण काखेत मारलं आणि ते माझ्यापाशी आले.

"माझी खोली प्रणीतला द्या," ते म्हणाले. "मला हॉलच बरा. वारा छान येतो."

"अण्णा, नक्की?" रविकिरणने विचारलं.

"नक्की रे."

"सरी मग."

झालं, संपलं. पण मी तुम्हाला खरं सांगतो, मला आनंदच झाला. तोवर मी पाहुण्यांचा होतो, आता घरातल्या माणसाचा झालो. अण्णा रोज मला उघडायचे, चादर चारी कोपऱ्यांना ताणून घालायचे, झोपताना माझ्या कडेवर थोपटायचे. आणि खरंच तिथे खिडकीतून वारा येत असे.

दोन वर्षांनी मनस्विनीला पुन्हा दिवस गेले आणि घरात मोठ्या घराचा विचार सुरू झाला. एका रविवारी सर्जापूर रोडच्या एका नव्या इमारतीचा नकाशा माझ्यावर पसरला गेला. चार खोल्यांचं घर झेपण्यासारखं नव्हतं. तीन खोल्यांचं होतं. रविकिरण पेन्सिलीने दाखवत होता. "ही आपली. ही प्रणीतची. आणि ही बाळाची. बाळ मोठं होईपर्यंत मी तिथे ऑफिसचं काम करीन." माझ्या दुसऱ्या टोकाला अण्णा मांडीत सूप घेऊन अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसले होते. त्यांची बोटं मंदावली. नकाशावर दारं दाखवतात ना, अर्धगोल काढून, त्यांच्याकडे ते वाकून बघत होते. माझी बैठक त्या बाजूला स्वल्प दबली, म्हणून मला कळलं.

मनस्विनीने विचारलं. तिला दोष देऊ नका, तिने विचारलं. "अण्णा, तुमचं काय? प्रणीतबरोबर रूम शेअर कराल? की रवीने हॉलमध्ये काम करावं आणि ती तिसरी रूम तुम्हाला ठेवू? ऑनेस्टली सांगा."

अण्णांनी शेंग सोलली, दाणा सुपात टाकला.

"मला काय करायचीय खोली या वयात? सोफा आहे की. स्वल्प जागा पुरे."

मनस्विनीने मान डोलावली. तिच्याकडून तो विषय संपला होता. पण रविकिरणची पेन्सिल थांबली. तो या घरात जन्मला होता, आईच्या हाताखाली वाढला होता. बापाचं पहिलं नको म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. आता विचारेल, आता विचारेल, म्हणून मी ताटकळलो. तो एवढंच म्हणाला, "सरी, अण्णा." आणि तिसऱ्या खोलीत त्याने टेबल काढलं.

अरे, पानात एक ओबट्टू जास्त पडावा म्हणून जीव काढणारी ही माणसं! आयुष्यभराच्या खोलीसाठी कोणी दुसऱ्यांदा तोंड उघडलं नाही. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

नव्या घराच्या गृहप्रवेशाला शिवलीला आल्या. सगळं घर फिरल्या, ओटा पाहिला, कपाटं उघडून पाहिली. मग हॉलमध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी कन्नडमध्ये सरळ विचारलं, "अण्णावर रूम यावुदु?" म्हणजे अण्णांची खोली कुठली?

"आंटी, अण्णांना हॉल आवडतो," मनस्विनी म्हणाली.

"वारा छान येतो," अण्णा घाईघाईने म्हणाले.

शिवलीलांनी बाल्कनीकडे पाहिलं. समोर आणखी दोन इमारती उभ्या राहत होत्या, सिमेंटची धूळ आत येऊ नये म्हणून काचेचं दार घट्ट बंद होतं. "वारा?" त्या म्हणाल्या. पानं वाढली होती, सगळे जेवायला उठले.

तिथले दिवस सांगतो. अण्णांचे कपडे प्रणीतच्या कपाटात एका फळीवर होते, म्हणून आंघोळीनंतर प्रणीत उठेपर्यंत ते ओल्या पंच्याने ताटकळत बसायचे. कामवाली यायच्या आत मला मिटून हॉलचा हॉल करायला हवा. दुपारी जरा पाठ टेकावी तर दारावरची घंटा, कधी कुरिअर, कधी भाजीवाला पोऱ्या. खोकला आला की ते उशीत तोंड खुपसायचे, कारण आत धाकटी भार्गवी झोपलेली. ती आईच्याच कुशीत झोपायची. बाळाची म्हणून घेतलेल्या खोलीत बाळ एक दिवस झोपलं नाही. तिथे रविकिरणचं टेबल, दोन पडदे आणि गोल फिरणारी खुर्ची. संध्याकाळी काम संपलं की त्या खोलीचं दार बंद व्हायचं आणि सकाळपर्यंत बंदच असायचं.

आणि मग अण्णांचे हात थकले. माझी बैठक जड, ओढता ओढता त्यांना धाप लागायची. कोणाला हाक मारावी तर सगळे दिवसभराचे दमलेले. त्यांनी मला उघडणंच सोडून दिलं. मिटलेल्या सोफ्यावर, त्या अरुंद पट्टीवर, गुडघे पोटाशी घेऊन ते झोपू लागले. मी पलंग होऊ शकत होतो हो! माझ्या पोटात एवढी जागा होती, आणि तो माणूस माझ्या काठावर अंग चोरून पडलेला. दुःख दुःख म्हणतात ते मला तेव्हा कळलं. सकाळी मनस्विनी कौतुकाने म्हणायची, "अण्णा किती नीटनेटके आहेत, उठायच्या आत सोफा जागच्या जागी!" अण्णा हसायचे. एवढं वाईट कौतुक माझं कधी झालं नाही.

भार्गवीच्या वाढदिवसाला संध्याकाळी घर भरलं होतं. दुपारपासून अण्णांच्या पाठीत आणि डाव्या खांद्यात कळ येत होती. ते सारखे हात चोळत होते, कपाळावर घाम होता. त्यांना आडवं व्हायचं होतं. पण त्यांच्या अंथरुणावर पाहुणे बसले होते. केक खात होते, एकमेकांच्या बदल्या-बढत्या विचारत होते. अण्णा माझ्या कोपऱ्यात ताठ बसून प्रत्येकाला नमस्कार करत होते.

रविकिरण प्लेटा घेऊन जाता जाता थबकला. "अण्णा, बरं वाटत नाही का? आत जाऊन पडता का जरा?"

"बेडा, बेडा. पाहुणे आहेत."

"बरं," तो म्हणाला, आणि प्लेटा घेऊन पुढे गेला.

हळूहळू अण्णांचा भार माझ्या पाठीवर रेलला. माझ्यावर बसलेल्या बाई आपल्या मुलाचं तोंड पुसत होत्या, त्यांना काही कळलं नाही. मला कळलं. मी काय करणार होतो?

पाहुणे गेले. फुगे गोळा झाले. रविकिरण माझ्यापाशी आला आणि बऱ्याच दिवसांनी मायेने म्हणाला, "अण्णा, दमलात ना? स्वल्प उठा, मी उघडून देतो सोफा." अण्णा उठले नाहीत. त्याने खांद्याला हात लावला. मग त्याने जी हाक मारली, ती मी पुन्हा सांगणार नाही.

सकाळी भटजी आले. आपल्यात माणूस गेलं की दहा दिवस दिवा तेवत ठेवतात, खाली पीठ पसरतात, तुम्ही पाहिलं असेल. भटजींनी हॉलकडे पाहिलं. माणसं येत होती, जात होती, दार सारखं उघडत होतं.

"दिवा इथे टिकायचा नाही," ते म्हणाले. "एखादी वेगळी खोली आहे का?"

"आहे," रविकिरण म्हणाला. "आहे ना. खोली आहे."

म्हणता म्हणता तो थांबला. मग तो आत गेला. टेबल बाहेर आलं, पडदे बाहेर आले, खुर्ची बाहेर आली. सगळं हॉलमध्ये माझ्या शेजारी मावलं. कशाची अडचण झाली नाही, कोणाला विचारावं लागलं नाही, हप्ता वाढला नाही. चहा निवेपर्यंत खोली रिकामी झाली. रविकिरणने स्वतः केर काढला. पीठ पसरलं, दिवा लावला, आणि वारा लागू नये म्हणून दार ओढून घेतलं. अण्णांना दाराची खोली मिळाली ती अशी.

तो माझ्यावर येऊन बसला. मनस्विनी त्याच्या शेजारी.

"मी विचारलं होतं, रवी," ती रडत म्हणाली. "देवाशपथ, मी विचारलं होतं."

"हो. तुला माहीत नव्हतं." त्याने दाराकडे पाहिलं. "मला माहीत होतं गं. मला चांगलं माहीत होतं."

नंतर त्यांना मी डोळ्यांसमोर नको झालो. मी समजू शकतो.

मित्रांनो, उद्या तुमचे आईबाबा घराचे नकाशे पसरून बसतील. ही खोली याची, ती त्याची, असं चालेल. तेव्हा जो माणूस काहीच मागत नाही त्याच्याकडे आधी बघा. आणि तुमच्या घरात आज कोणी हॉलमध्ये झोपत असेल, तर त्याला विचारत बसू नका. त्याचं अंथरूण उचला आणि आत खोलीत नेऊन घाला. तो नको म्हणेल. म्हणू द्या.