थोरल्याची दाढी

न्हाव्याला एचआयव्ही निघाला. बायकोची तपासणी सुदैवाने निगेटिव्ह आली. "कुणाला कळता कामा नये," एवढंच तो तिला म्हणाला. पण दवाखान्यात गोळ्यांसाठी रांगेत उभं राहिलं की ओळखीचं कुणी ना कुणी भेटायचंच. त्याने जाणंच सोडलं आणि अंथरूण धरलं. गावात कुजबुज व्हायची ती झालीच.

आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन अशा रुग्णांचं करणारी एक ताई होती. बायकोने तिला गाठलं. ताईने त्याचं अंग पुसलं, तोंडातल्या फोडांना औषध लावलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तुमचं काय जातंय?"

ताईने पिशवीतून डबी काढली. "या माझ्या गोळ्या. वर्षानुवर्षं घेतेय. मेलेली दिसते का मी?"

बऱ्याच दिवसांनी तो हसला. "दिसत नाही. बोलता मात्र फार."

तेव्हापासून ताईच त्याच्या गोळ्या घरी आणू लागली. अंगावर मांस धरलं तसं त्याने दुकान उघडलं. पण गिऱ्हाईक फिरकेना. त्याचा थोरला भाऊ गवंडी. तोसुद्धा दुकान टाळून पलीकडून जायचा.

शेवटी न्हाव्याची बायको ताईला घेऊन थोरल्याच्या कामावर गेली. "भावोजी, तुमचा भाऊ रोज खुर्ची पुसतो आणि स्वतःच तिच्यात बसतो."

"मलाही बायकापोरं आहेत. कापलं म्हणजे?"

"पातं दर वेळी नवं असतं," ताई म्हणाली. "गोळ्याही तो चुकवत नाही. नुसत्या हात लावण्याने काही होत नाही, दादा."

थोरला थापीने भिंतीवरचा गिलावा सारखा करत राहिला.

दुसऱ्या दिवशी मात्र तो कामाच्या कपड्यांनिशी दुकानात आला आणि खुर्चीत बसला. "कर."

"दादा, भीती वाटते ना?"

"वाटते. म्हणून हळू कर."

न्हाव्याने डोळे पुसले, नवं पातं घातलं आणि त्याच्या गालांना साबण लावला. दारात दोघंतिघं येऊन थबकले. अर्ध्या गालावर फेस असलेला थोरला खेकसला, "बघता काय? नंबर लावा, नाहीतर उजेड सोडा!"

त्या दिवशी कुणी नंबर लावला नाही. पुढच्या आठवड्यात एक जण आला, मग आणखी काही. काही अजूनही शेजारच्या गावी जातात.

गेल्या महिन्यात ताईने न्हाव्याला त्याच आजाराने खाटेला खिळलेल्या एका माणसाकडे नेलं. त्या माणसाला कुणी हात लावत नव्हतं. न्हावी उशाशी बसला, बोटांनी त्याची हनुवटी अलगद वर उचलली आणि गप्पा मारत त्याची दाढी केली.