तुटक रेघ

बायकोचं, मिरानचं, विमान हरवल्याचं कळलं, तेव्हा ग्युह्वान तळावरच्या खानावळीत ताट घेऊन रांगेत उभा होता. एक जण धावत आला आणि ग्युह्वानची नजर चुकवून मोहिमेचे प्रमुख डॉक्टर मो यांना म्हणाला, "खालचं विमान बोलत नाहीये." रांगेतली माणसं एकेक करून बाजूला झाली. ग्युह्वान ताट धरून तसाच उभा. संध्याकाळी तटरक्षकांना पिवळ्या समुद्रात शेपटीचा तुकडा मिळाला. बाकी काही मिळालं नाही. पंखांवर बर्फ चढला असावा, असं अहवालात आलं. असावा, एवढंच.

ते काम दोन विमानांचं होतं. वरचं विमान ढगांवरून जायचं आणि खाली लेसरचा प्रकाश सोडायचं. धूळ, धूर, ढग यांना लागून तो परत यायचा, आणि कुठल्या उंचीवर काय आहे ते पडद्यावर उमटायचं. मग खालचं विमान त्याच ढगात शिरून आतले थेंब मोजायचं. शिरायचं की नाही हे वरच्याने सांगायचं, असा नेम होता.

पुढच्या हिवाळ्यात काम परत सुरू झालं. वरच्या विमानात पडद्यापाशी ग्युह्वान बसू लागला. खालच्या विमानात, बायकोच्या जागी, तिची धाकटी बहीण सोल्ही आली. त्याने तिला नको म्हणून पाहिलं. "तुम्ही सोडलंत का, दाजी?" एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशी सकाळी ती हातमोजे चढवत हसत आली. "आज माझा वाढदिवस. आईने वाढदिवसाचं समुद्री शेवाळाचं सूप पाजल्याशिवाय सोडलं नाही."

"उड्डाणाच्या दिवशी? घसरायचंय का?"

"ते बुळबुळीत, म्हणून परीक्षेच्या दिवशी पिऊ नये म्हणतात, दाजी. मी चाळिशीला आले, माझी आता कसली परीक्षा!"

ग्युह्वानला हसू आलं नाही.

दुपारी ते समुद्रावर होते. खाली पांढऱ्या ढगांच्या रांगा किनाऱ्याकडे निघाल्या होत्या. समुद्रापलीकडून आलेला धूर त्यांच्यात शिरला होता आणि तोच त्यांना मोजायचा होता. पडद्यावर ढगाचा माथा लखलखीत उमटला. त्याच्याखाली सगळं काळं.

त्या काळ्याचं त्याला भय होतं. खाली हवा मोकळी असली तरी पडदा काळा दिसतो, आणि दाट, पंखांवर बर्फ चढवणाऱ्या ढगाने सगळा प्रकाश गिळला तरी काळाच दिसतो. ओळखायची खूण एकच. प्रकाश तळापर्यंत पोचला, तर समुद्राच्या पाण्याची एक उजळ रेघ अगदी खाली उमटते. आज रेघ उमटत होती, पण तुटत तुटत.

"पातळ ढग आहे," शेजारून डॉक्टर मो म्हणाले. "सांग त्यांना."

"रेघ तुटतेय, सर."

"पण आहे ना?"

गेल्या वर्षीही अशीच होती. तेव्हा पडद्यापाशी बसलेल्या माणसाने 'शिरा' म्हटलं होतं. ते चित्र ग्युह्वानने इतक्या वेळा पाहिलं होतं, की आता समोर आजचं आहे की तेच, याची त्याला खात्री वाटेना.

कानात सोल्हीचा आवाज आला. "दाजी, झोपलात का? इथे आमचे पाय गारठलेत."

"थांब जरा."

"थांबून थांबून ढग किनाऱ्याला लागेल. शिरू का?"

रेघ उमटली. गेली. परत उमटली.

"शिरू नकोस."

"हे वरचं विमान सांगतंय, की दाजी?"

दोन्ही विमानांतले सगळे ऐकत होते. खोटं कारण देता आलं असतं, पण त्याला ते सुचलं नाही.

"मला भीती वाटतेय," तो म्हणाला.

मग खालच्या विमानाचे कॅप्टन पियॉन यांचा आवाज आला, "वरच्याचा नकार मिळाला. परततोय." खिडकीतून ग्युह्वानला ते इवलंसं विमान वळताना दिसलं. ते वळून सरळ होईपर्यंत त्याने श्वास रोखून धरला होता.

"रेघ होती," डॉक्टर मो म्हणाले.

"होती."

"मग?"



तळावर उतरल्यावर ग्युह्वान आधी खालच्या विमानाकडे गेला. पंख कोरडे, स्वच्छ होते. ढगात शिरलेच नव्हते, तेव्हा त्यांवरून काही कळणार नव्हतं. सोल्ही शिडीवरून उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"उद्या पडद्यापाशी दुसऱ्या कुणाला बसवा, दाजी."

"मी बरोबर असलो तर?"

"असाल. पण नसलात तर ताईचं काम कधी पुरं होणार नाही. आणि तुम्ही बसलात की मला कळणार कसं, तुम्ही पडदा बघताय की तिला?"

ती रागावलेली नव्हती. त्याचं त्याला जास्त भय वाटलं.

पहाटेपर्यंत वारा फिरला आणि ढग विरून गेला. त्याच्या आतले थेंब मोजायचे राहिले.