पाणघोड्याची बदली

सत्य हाच माणसाचा खरा दागिना आहे, आणि मी उभं आयुष्य त्याच्या सेवेत झिजवलं, हे मी आज सर्वांसमक्ष जाहीर करतो. सर्वांसमक्ष अशासाठी, की घरात कुणी ऐकून घेत नाही. परवा हेच वाक्य मी स्वयंपाकघराच्या दारात, एक हात चौकटीला टेकवून, बऱ्यापैकी आवाज लावून म्हटलं. बायकोने वाटाणे सोलणं थांबवलं नाही. ओट्यावरचा डबा तेवढा म्हणाला, "माफ करा, याबद्दल मला काहीही माहिती सापडली नाही."

डबा म्हणजे बोलतं यंत्र. उंची पाण्याच्या पेल्याएवढी, अंगावर राखाडी कापड. डोक्यावर टिचकी मारली की जागं होतं आणि विचारलेल्याचं उत्तर देतं. आवाज पुरुषाचा आहे. भारदस्त, स्वच्छ, जन्मात कधी सर्दी न झालेला. मुलीने डबा आणला तेव्हा आईला चार आवाज ऐकवले. आईने हा निवडला. "ह्यांचा बरा आहे," म्हणाली, "निदान कानाला त्रास तरी नाही." माझ्या आवाजाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं, पण उत्तर मिळालं.

या डब्याला ती अहो-जाहो करते. "परक्या पुरुषाला अरे-तुरे कसं करायचं?" म्हणते. टिचकीसुद्धा अशी मारते, की पापड तुटू नये.

हा परका पुरुष घरात आला तो माझ्यामुळे. म्हणजे माझ्यामुळे आणि एका पाणघोड्यामुळे.

त्याचं असं झालं. गेली दोन वर्षं बायकोच्या नजरेत अगदी मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. दारातून कुणी आलं हे कळतं, चेहरा कळत नाही. वाटाणे ती बोटांनी सोलते, स्वेटर बोटांनी विणते. पण अक्षरं बोटांनी कशी वाचणार? म्हणून रोज सकाळी सातला मी तिला पेपर वाचून दाखवायला लागलो. त्यात नवीन काही नव्हतं. सत्तावीस वर्षं मी एका पेपरात दर रविवारी मोठ्या लोकांच्या टोप्या उडवायचं सदर लिहिलं, आणि छापायला देण्याआधी प्रत्येक वेळी तिला वाचून दाखवलं. ती हसायची नाही. फारच आवडलं तर नाकातून एक फुस्स यायचं. त्या फुस्सवर मी सत्तावीस वर्षं काढली. मग पेपरला राशिभविष्यासाठी जागा कमी पडू लागली, आणि मी निवृत्त झालो.

आता हल्लीचा पेपर तुम्हीही वाचताच. पहिल्या पानावर युद्ध. दुसऱ्यावर ऊन. तिसऱ्यावर असा फोन, जो मागच्या फोनपेक्षा पातळ आहे आणि ज्याच्यावाचून आपण इतकी वर्षं कसे जगलो याचं फोन बनवणाऱ्यांना आश्चर्य वाटतं. चौथ्यावर, गेल्या महिन्यात ज्याला चोर म्हटलं तो चौकशी समितीचा अध्यक्ष झाल्याबद्दल त्याचा हार घातलेला फोटो. हे सगळं मी तिला महिनाभर जसंच्या तसं वाचून दाखवलं. तिची मान रोज बोटभर खाली जायची. मग मी चिमूटभर मीठ घालायला लागलो. चिमूटभरच.

'प्राणिसंग्रहालयात पाणघोडा दाखल,' एवढी चार ओळींची बातमी होती. मी पाचवी ओळ घातली: जागेअभावी त्याची तूर्त नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर नेमणूक करण्यात आली आहे.

फुस्स!

आता तुम्हीच सांगा, तुम्ही थांबला असता? पुढच्या आठवड्यात पाणघोड्याने हजेरीपटावर सही करायला नकार दिला. मग कर्मचारी संघटनेने त्याला सभासद करून घेतलं. मग तो रोज वेळेवर येतो या कारणावरून बाकीच्यांनी संप केला. आठव्या महिन्यात त्याची जन्म-मृत्यू नोंदणी विभागात बदली झाली, आणि तिथली रांग पहिल्यांदाच सरळ लागू लागली.

मला वाटलं होतं, तिला कळतंय. पाणघोडा आहे हो, कुणालाही कळेल! पण त्याच पानावर मी तिला अगदी खरी बातमी वाचून दाखवली होती, की एका आमदाराने स्वतःच्याच कारभाराविरुद्ध मोर्चा काढून स्वतःलाच निवेदन दिलं. त्याच्या शेजारी पाणघोडा फारच जबाबदार प्राणी वाटला असणार.

दर बुधवारी चारपाच जणी आमच्याच इमारतीत एकीच्या घरी विणायला जमतात. तिथे बायकोने बदलीची बातमी सांगितली. सुया थांबल्या म्हणे. कुणी हसलं नाही. एकीने तिचा हात हातात घेतला आणि संध्याकाळी आमच्या मुलीला फोन केला, "आईकडे जरा लक्ष दे गं. विसरायला वगैरे होतंय का?"

मुलगी पाणीखात्याच्या तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं आणि साहेबांचं खोटं ऐकते, त्यामुळे घरी कुणी काही सांगितलं की खरंच मानते. ती आईला डॉक्टरकडे घेऊन गेली. मीही गेलो. मला स्टूल मिळालं.

"आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं. बायकोने बरोबर सांगितला.

"शंभरातून सात वजा करत चला."

ती दोनवर पोचली तेव्हा डॉक्टर अजून चव्वेचाळीसवर होते.

"वा! आणि हल्ली काय बातम्या?"

तिने पाणघोडा सांगितला. नेमणूक, संप, बदली, सगळं क्रमवार. डॉक्टर चष्मा काढून ऐकत राहिले, मग चष्मा लावून लिहू लागले. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही होतं. पण ते एकेक शब्द लिहून घेत होते. 'जन्म-मृत्यू विभाग' याखाली त्यांनी रेघसुद्धा मारली. निवृत्तीनंतर माझं कुणी इतक्या काळजीने टिपून घेतलं नव्हतं.

खाली येताना लिफ्टमध्ये मुलगी रडली. बायको समोरच्या न दिसणाऱ्या आरशाकडे तोंड करून उभी होती. सहा मजले मी गप्प राहिलो. या प्रसंगावर विनोद मला अजून सुचलेला नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मेंदू गुंतवून ठेवायला सांगितलं. म्हणून डबा आला. तिसऱ्याच सकाळी बायकोने त्याला टिचकी मारून विचारलं, "अहो, त्या पाणघोड्याचं पुढे काय झालं हो?"

"पाणघोडा हा वनस्पती खाणारा प्राणी असून—"

"तसा नव्हे. आपल्या नगरपालिकेतला. बदली झालेला."

"नगरपालिकेत पाणघोडा नेमल्याची कोणतीही बातमी मला सापडली नाही."

मुलगी कामावर निघाली होती, ती एका पायात चप्पल घालून आत आली. "आई, तुला हे सांगितलं कुणी?"

"कुणी म्हणजे? ह्यांनी. पेपरात वाचून."

"बाबा?"

मी पेपर वाचत होतो. फार महत्त्वाचं पान होतं.

"बाबा, पेपर खाली करा. आणि सुलटा धरा."

मग खटला चालला. न्यायाधीश मुलगी, साक्षीदार डबा. बायको एकेक विचारत गेली. चोराने ठाण्यात जाऊन घरफोडीसाठी पत्ता विचारला ते? सापडलं नाही. मुख्याध्यापकांना मुलांनी बाकावर उभं केलं ते? सापडलं नाही. प्रत्येक 'सापडलं नाही'ला तिचा आवाज खाली येत गेला.

"आणि युद्ध थांबलं होतं ते? मागच्या थंडीत?"

"युद्ध थांबल्याची बातमी मला सापडली नाही."

ते मी एका फार वाईट सकाळी घातलं होतं. त्या दिवशी तिने गोड केलं होतं. मी दोनदा मागून घेतलं होतं.

बायको उठली. माझ्या दिशेने तोंड केलं. म्हणजे मी तिला मुळीच दिसत नव्हतो. "डॉक्टरांपुढे मी वेडी ठरत होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही स्टुलावर बसून होतात. मला दिसत नाही, त्याची तुम्ही मजा केलीत."

त्यानंतर अबोला.

मुलीने डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, गोळ्या बंद करा, आणि तपासायचंच असेल तर बाबांना आणा. विणकामाच्या बायकांना मात्र कुणी सांगितलं नाही. बायकोने सांगू दिलं नाही. "काय सांगणार? नवऱ्याने फसवलं म्हणून? त्यापेक्षा वेडी बरी." बुधवारी ती घरीच बसू लागली.

आमच्याकडे अबोले पूर्वीही झाले आहेत. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच. तेव्हा निरोप मुलीमार्फत जायचे, आणि मुलगी येता-जाता त्यातले काटे काढायची. डबा काटे काढत नाही. बायको त्याच्या कानात सांगते आणि तो घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "स्मरण. जेवण वाढलं आहे. ज्यांना जेवायचं असेल त्यांनी यावं." "स्मरण. ओला टॉवेल गादीवर टाकणाऱ्याने तो उचलावा." एकदा तर मी पलंगावर नुसता बसलो होतो आणि तो म्हणाला, "स्मरण. उचलला का?"

मीही हातात बांगड्या भरल्या नव्हत्या. एका दुपारी मी त्याच्यावर उशी ठेवली आणि उशीवर शब्दकोश. पाच मिनिटांत मुलीचा फोन.

"बाबा, उशी काढा."

"तू ऑफिसात आहेस की माळ्यावर?"

"डबा घुसमटला की माझ्या फोनवर कळतं. काढा."

"आधी त्याला सांग, मोठ्या माणसांशी—"

"बाबा, माझ्यापुढे चाळीस माणसं रिकाम्या बादल्या घेऊन उभी आहेत. उशी काढा!"

मी शब्दकोश काढला. उशी जराशी सरकवली.

मग मी त्याच्या चुका शोधू लागलो. रोज सातला तो तिला बातम्या सांगायचा, आणि मी समोर पेपर उघडून, पेन्सिल कानावर ठेवून, ओळ न् ओळ ताडून बघायचो. अकरा दिवसांत एक चूक सापडली. तो म्हणाला आकाश निरभ्र आहे, आणि बाहेर झाकोळलं होतं. मी खिडकीत जाऊन "अहाहा, काय निरभ्र अंधार!" असं मोठ्याने म्हणालो. दाद आली नाही. त्याच्या बातम्यांनाही कुणी दाद देत नव्हतं, हे खरं. युद्ध, ऊन, फोन. बायकोची मान रोज बोटभर खाली जात होती. पण तिने एकदाही त्याला थांबवलं नाही. जे आहे ते ऐकायचं, असा हट्टच धरला होता जणू.

बाराव्या दिवशी मुलगी दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी गेली. विषय होता, 'नागरिकांशी हसून कसे बोलावे'. सकाळी सातला आम्ही तिघंच. डबा सांगत होता, "एका सार्वजनिक ग्रंथालयातील लोखंडी कपाट गेली चाळीस वर्षं बंद होतं. दार ओढताच आपोआप कुलूप लागत असल्याने आणि किल्ली गहाळ झाल्याने ते कुणालाही उघडता आलं नव्हतं. त्यात दुर्मिळ ग्रंथ असावेत असा तज्ज्ञांचा अंदाज होता. काल मान्यवरांच्या उपस्थितीत कपाट फोडण्यात आलं, तेव्हा आत—"

आणि डबा गप्प झाला.

बायकोने टिचकी मारली. मग चापट मारली. काही नाही. तिची मान वर झाली होती, कान टवकारलेले होते. "आत काय?" ती डब्याला म्हणाली.

माझ्या हातात पेपर होता. पान पाच, खालचा कोपरा. आणि डोक्यात, मी खोटं बोलणार नाही, तीन शेवट एकदम तयार झाले होते. त्यातल्या एकात तर चाळीस वर्षं वाचत बसलेला ग्रंथपाल होता. मी तिन्ही गिळले. बोट ओळीखाली धरलं आणि छापलं होतं ते, काना-मात्रा न बदलता वाचलं:

"'तेव्हा आत केवळ त्याच कपाटाची किल्ली आढळून आली.'"

फुस्स आलं नाही.

"शप्पथ!" मी म्हणालो. "असंच छापलंय! मी एक अक्षर घातलेलं नाही. बघ हवं तर... म्हणजे, तुला नाही दिसायचं, पण कुणालाही विचार!"

मग मला राहवेना. मी उभा राहिलो आणि सगळं बाहेर पडलं. म्हटलं, पाणघोडा माझा होता, संप माझा होता, युद्ध मीच थांबवलं होतं. तुझी आठवण माझ्यापेक्षा धड आहे. म्हटलं, मजा तुझी नव्हती केली. मला तुझं ते फुस्स हवं होतं, दुसरं कुणी उरलं नाही मला ऐकणारं. पण स्टुलावरून उठलो नाही, ते चुकलंच, त्याला माफी नाही. येत्या बुधवारी मी स्वतः येतो, त्या बायकांपुढे उभा राहतो आणि सांगतो की वेडा मी आहे, लेखी देतो, सही करतो. आणि आजपासून या घरात माझ्या तोंडून छापील सत्याखेरीज एक शब्द निघणार नाही, मग ते कितीही बेचव असो. बोलता बोलता माझा आवाज फाटला. चष्म्यावर धुकं आलं. मला वाटतं, मी इतकं चांगलं कधीच बोललो नव्हतो.

बायकोने मान वाकडी केली. कडेच्या नजरेने बघायचं असलं की ती तशी करते. बराच वेळ तिने मला तसं पाहिलं. मग बारा दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"अहो," ती म्हणाली, "ह्यांना जरा चार्जिंगला लावता का? ते किल्लीचं एकदा ह्यांच्याकडून ऐकून घेते."