टिकलेली फुलं

दिराने फुलाची नवी जात स्वतःच्या नावावर नोंदवली, हे वहिनीला प्रदर्शनातल्या पाटीवरून कळलं. निळ्या काठाचं ते पांढरं फूल तिने कित्येक हंगाम खपून तयार केलं होतं.

"नाव कुणाचंही लागलं तरी घरातच राहिलं ना, वहिनी?" दीर हसत म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चिडली की ती गप्प बसायची, आणि तिचं गप्प बसणं ओळखायची अक्कल दिराला कधीच नव्हती.

बी धरायचं काम तिच्याच हातात होतं. या जातीचं होतं नव्हतं ते बी काचघरात पेरलेलं, आणि हंगाम सरला की झाडं मरायची. रोज सकाळी ती कळीवरची हिरवी निदलं बाजूला सारून पाकळ्या उकले आणि आतले पुंकेसर चिमट्याने खुडून टाके. उशीर झाला तर ते फुटतात आणि फूल आपलेच पराग घेऊन मोकळं होतं. मग दुसऱ्या वाफ्यातल्या, नुसत्या परागासाठी राखलेल्या 'नर' झाडांची फुलं खुडून त्यांचे पराग ब्रशने स्त्रीकेसराच्या चिकट टोकाला लावायचे. तिथून ते खाली अंडाशयापर्यंत वाट काढतात आणि बी धरतं. पाकळ्यांचं काम किड्यांना बोलावणं. इथे जाळीमुळे किडा फिरकत नसे, त्या आपल्या उगीच नटून उभ्या.

यंदाही तिने सगळं तसंच केलं. फक्त पराग आधी कोरड्या तव्यावर शेकून घेतले. रंग पिवळाच राहिला, जीव तेवढा गेला.

दीर फेरी मारून गेला. पिवळी टोकं पाहून निर्धास्त झाला. एरवी चार दिवसांत माना टाकणारी फुलं यंदा दोन आठवडे ताजी राहिली, तेव्हा तर त्याला आभाळ ठेंगणं झालं. व्यापाऱ्यांना बोलावून म्हणाला, "बघा, माझी जात टिकते किती!"

पोटात बी धरलं की फूल पाकळ्या टाकतं, हे सासऱ्यांनी त्यालाही शिकवलं होतं. ऑफिसात बसून बसून साहेब विसरले. व्यापारी माना डोलावत होते आणि ब्रश धूत उभ्या असलेल्या वहिनीला मनातून हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या.

शेवटी फुलं देठासकट गळली. दिराने एकेक उचलून अंडाशय नखाने फोडला. सगळे पोकळ. नर झाडं केव्हाच वाळली होती.

"तुम्ही केलंत हे?"

"हो. पराग भाजले मी."

त्याने हातातलं पोकळ फूल तिच्यापुढे धरलं. "वहिनी, अहो, हे फूल तुमचं होतं. तुम्ही जन्माला घातलेलं."

एवढंच तर तिला ऐकायचं होतं. त्या पाटीसमोर, चार लोकांत तो हे बोलला असता तर आज काचघर बियांनी भरलं असतं.

"माझंच होतं, भाऊजी," ती म्हणाली आणि वाळकी झाडं उपटायला लागली.