विसावा येईपर्यंत

आमच्या गावात मयतीबरोबर बायका विसाव्यापर्यंत जातात. अर्ध्या वाटेवरच्या चौथऱ्यावर तिरडी टेकवतात, खांदेकरी बदलतात आणि बायका शेवटचं तोंड पाहून मागं फिरतात. तिथून पुढं फक्त पुरुष. ही रीत कुणी पाडली ते मला विचारू नका, मी सरपंच आहे, भटजी नव्हे.

तो चौथरा आता एका कंपनीच्या भिंतीआड गेलाय. चाकणकडून कंपन्या सरकत आमच्या शिवेपर्यंत आल्या, तेव्हा माझे चुलतसासरे दादासाहेब सरपंच होते. गायरान देण्याचा ठराव त्यांनीच ग्रामसभेत रेटून नेला. स्मशानाची वाट ठरावात घालायची राहिली. कंपनीचा साहेब घरी येऊन 'वाट सोडतो' म्हणाला होता म्हणे, आणि दादासाहेब शब्दावर विसंबले.

वाटेसाठी मी तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. तारखेवर तारीख पडत गेली. वकील म्हणाले, दादासाहेबांनी साक्ष दिली तर काही आशा आहे.

"भर कोर्टात चुकलो म्हनू व्हय?" दादासाहेब माझ्यावर डाफरले.

सरुआत्यांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विनवलं, "आवो, त्याच वाटंनं जायचंय आपल्याला."

त्यांनी पेपर तोंडापुढं धरला. गेल्या मंगळवारी ते गेले.

तिरडी कंपनीच्या गेटपाशी अडली. मी फोनवर फोन केले, अक्षरशः गयावया केली. प्रकरण कोर्टात आहे, गेट उघडता येणार नाही, एवढंच उत्तर. खरं सांगते, मला कंपनीपेक्षा तिरडीवरच्या माणसाचा राग जास्त आला. मेलेल्यावर रागावू नये म्हणतात, मला काही ते जमलं नाही.

दुसरी वाट हायवेवरून, कंटेनरच्या गर्दीतून, लांबच लांब. पुरुष तिकडं वळले. आत्यांचा मुलगा गोरक्ष हळूच म्हणाला, "आये, तू फिर आता मागं."

"इसावा आला का?"

"न्हाई, पन..."

"मंग? इसावा आल्याबिगर बाई मागं फिरत न्हाई. रीत तुमचीच हाय."

आत्या चालू लागल्या आणि मागोमाग आम्ही सगळ्या. हायवेवर कंपनीच्या बस थांबल्या. आमच्या गावच्या बायकांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्मशान पाहिलं.

सरण रचून झालं. गोरक्ष विस्तव घेऊन पुढं आला, तेव्हा आत्यांनी त्याला हातानं थांबवलं. नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "साहेब वाट सोडतो म्हनला, तवा च्या घिऊन मीच उभी व्हते. समदं ऐकलंय म्या. तुमी चुकला, हे चारचौघांत बोलायचं न्हाई म्हनून गप ऱ्हायले."

त्या रडत होत्या, पण आवाज हलला नाही.

"पुढल्या तारखेला मी बोलनार हाय. आता रागावू नका."

मग त्या बाजूला झाल्या आणि गोरक्षला म्हणाल्या, "लाव."